दुरुस्ती कुणासाठी?

माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर एक तक्ता आहे. जुनी, भाडेकरू असलेली घरं विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा भाड्यानं द्यायची, असं काम तो दोन मित्रांबरोबर करतो. आठवडाभर इंदूरला नोकरी आणि शनिवार-रविवारी उज्जैनच्या गल्ल्यांतून जुनी घरं बघत हिंडणं. एकदा चहा घेऊन गेले तेव्हा सहज पडद्यावर नजर गेली. एकाखाली एक ओळी होत्या. खरेदी, रजिस्ट्री, गवंडीकाम, नळ, वीज, रंग, वाळवी. आणि वाळवीच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'भाडेकरू : २ लाख.'

मी विचारलं, "हे काय रे?"

"आई, आत भाडेकरू असला की घर स्वस्तात मिळतं. मग त्याला काहीतरी देऊन काढावं लागतं. तो खर्च आधीच धरून ठेवलेला बरा."

इतकं साधं बोलला तो. (घरात सगळे हिंदी-माळवी बोलतात, पण मला 'आई' म्हणायचं एवढा एक हट्ट मी पहिल्यापासून चालवला आहे.) त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. तो वाईट मुलगा नाही. आजीची सेवा त्यानं केली आहे, रात्री जेवत नाही, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून बघून चालतो. मी चहा ठेवला आणि बाहेर आले. पण वाळवी आणि भाडेकरू एकाखाली एक लिहिलेले काही डोळ्यांपुढून जाईनात.

त्याला काही बोलायला मला तोंड नव्हतं. कारण आमचंही भैरवगढचं घर आहे, आणि त्यात भाडेकरू आहेत.

भैरवगढ, आमच्याकडच्या बोलण्यात भेरूगढ, उज्जैनच्या उत्तरेला शिप्रेच्या काठी आहे. बाहेरचे लोक काळभैरवाच्या देवळासाठी येतात, सिद्धवटाला पिंडदानासाठी येतात, आणि मध्यवर्ती कारागृहाचं नाव बहुतेकांनी वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. आमच्या बायकांना ते माहीत आहे छिपांच्या कपड्यांमुळे. मेणानं नक्षी काढायची, कापड रंगात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं. भेगाळलेल्या मेणातून रंग आत शिरतो आणि कापडावर त्या बारीक तडा उमटतात, तीच त्याची ओळख. २०२३ मध्ये उज्जैनच्या या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरातले सर्वांत जुने भाडेकरू हेच काम करतात.

घर सासऱ्यांनी, बाऊजींनी, घेतलेलं. खाली दोन बिऱ्हाडं, वर एक. दगड-विटांच्या जाड भिंती, सागाच्या तुळया, वरच्या मजल्यावर कौलं, मध्ये चौक. मी १९९१ साली लग्न होऊन सांगलीकडून इथे आले तेव्हा खालच्या मोठ्या बिऱ्हाडाचं भाडं शंभर रुपये होतं. परवापर्यंत ते तीनशे होतं. दुसरं चारशे. आणि वर एकट्या राहणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या काकींचं दीडशे.

बाऊजी गेले तेव्हा उठावण्याला जो तो हेच सांगत होता. असा मालक होणे नाही, कधी भाडं वाढवलं नाही, कधी कुणाला 'घर सोडा' म्हटलं नाही. मलाही तेव्हा ऐकून बरं वाटलं होतं. आता मुलाच्या तक्त्यानंतर मी त्या घराकडे पुन्हा बघायला लागले, आणि एक गोष्ट ध्यानात आली जी कुणीच बोललं नव्हतं. बाऊजींनी भाडं वाढवलं नाही हे खरं. पण तीस वर्षांत त्यांनी त्या घराला हातही लावला नाही. पावसात वरच्या काकी तीन ठिकाणी पातेली मांडून झोपायच्या. तक्रार करायची त्यांची हिंमत नव्हती, कारण तक्रार केली तर भाड्याचा विषय निघेल. आणि बाऊजी भाड्याचा विषय काढत नव्हते, कारण काढला तर गळतीचा विषय निघेल. दोघंही गप्प. त्या गप्प बसण्याला आम्ही दया म्हणत आलो.

हा प्रकार भेरूगढचा नाही. माझी आत्या मुंबईला गिरगावातल्या चाळीत राहायची. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा तिच्या गॅलरीला खालून लाकडी टेकू लावलेले असत. आम्ही त्या टेकूंना धरून लपाछपी खेळायचो. पुढे मी बी. ए. झाले, माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि आत्याला भेटायला गेले तर टेकू तिथेच. टेकू म्हणजे तात्पुरता आधार, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं.

मोठेपणी कळलं की त्या टेकूंमागे एक कायदा होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगलाच होता. युद्ध, फाळणी, शहरात लोंढे, घरं कमी, अशा वेळी मालकांनी लोकांना लुबाडू नये. पण ती भाडी पुढे पन्नास वर्षं जवळजवळ तशीच राहिली. पाच-दहा रुपये भाडं येणारा मालक छप्पर काय शाकारणार? त्यानं हात काढून घेतला. इमारती पडायला लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळ काढलं आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला १९ हजारांहून जास्त होत्या. १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अशी गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. मग १९९९ चा नवा कायदा आला, त्यात पागडीलाही मान्यता मिळाली. तरी २०१९ च्या जुलैत डोंगरीत केसरबाई इमारत कोसळली आणि दहाहून जास्त माणसं गेली.

भाडेकरूला वाचवायला केलेल्या कायद्याखाली भाडेकरूच गाडला गेला, असं म्हणायचा मोह होतो. पण ते अर्धंच खरं आहे. तो कायदा नसता तर माझी आत्या गिरगावात चार वर्षंसुद्धा टिकली नसती. तिची दोन्ही मुलं त्या दहा बाय बाराच्या खोलीत शिकून इंजिनियर झाली. कमी भाड्यानं तिला शहर दिलं, आणि त्याच कमी भाड्यानं तिच्या डोक्यावरचं छप्पर सडवलं. दोन्ही गोष्टी एकाच भाड्यातून आल्या.

तर मी ठरवलं, भेरूगढचं घर दुरुस्त करायचं. मुलाला सांगितलं. त्याला आनंद झाला, पण त्याचा आनंद वेगळा होता. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये महाकाल लोक सुरू झाल्यापासून उज्जैनला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. २०२८ चा सिंहस्थ समोर आहे. काळभैरवापासून चालत जाण्याच्या अंतरावर चौक असलेलं जुनं घर, सागाच्या तुळया, चुन्याच्या भिंती. "आई, अशा घराला लोक रात्रीचे तीन-तीन हजार देतात," तो म्हणाला. "फक्त रिकामं पाहिजे."

आणि रिकामं करायचा मार्गही त्याच्याकडे तयार होता. तो मला एका वकिलांकडे घेऊन गेला. मध्य प्रदेशात भाड्याच्या घरांसाठी १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे. वकील भला माणूस, समजावून सांगत होता. घर दुरुस्तीसाठी रिकामं हवं असेल तर तसा अर्ज करता येतो, पण त्यात एक अडचण आहे. हुकूम देताना कोर्ट भाडेकरूला विचारतं, दुरुस्तीनंतर तुला परत यायचं आहे का? तो हो म्हणाला तर त्याला जागा द्यावी लागते. मला तर हे ऐकून बरं वाटलं. वकिलांच्या लेखी ती अडचण होती.

"त्यापेक्षा सोपा रस्ता आहे," ते म्हणाले. "घर तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही विधवा आहात."

माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत विधवा असण्याचा मला कुठे फायदा झाला असेल तर आठवत नाही. पण कायद्यात निवृत्त नोकरदार, विधवा अशा काही घरमालकांसाठी वेगळी, झटपट वाट ठेवलेली आहे. तिला स्वतःला राहायला जागा खरोखर हवी असेल तर लांबलचक दाव्यात न अडकता भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो. ही तरतूद करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण बाई असेल ते मला दिसत होतं. नवरा गेलेली, मुलांनी विचारणं सोडलेलं, स्वतःच्या घरात भाडेकरू आणि आपण भाच्याच्या घरी आश्रित. तिच्यासाठी ही वाट आहे.

"फक्त शपथपत्रावर लिहायचं की मला तिथे राहायचं आहे," वकील म्हणाले.

"पण मला तिथे राहायचं नाही."

ते हसले. "गरज ही समजण्याची गोष्ट असते, बहेनजी."

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी कागद घरी घेऊन आले. सही करून आणते म्हटलं.

त्या रात्री मी माझी व्रताची वही काढली. परिग्रह-परिमाणाचं व्रत मी चाळिसाव्या वर्षी घेतलं. शेत, घर, सोनं, रोकड, धान्य, भांडीकुंडी, प्रत्येकाची मर्यादा लिहून ठेवायची आणि तिच्यापुढे जायचं नाही. घरं या रकान्यात मी 'दोन' लिहिलं आहे. एक राहतं, एक भेरूगढचं. मुलगा जी घरं घेतो ती त्याच्या आणि मित्रांच्या नावावर, त्यामुळे माझं व्रत शाबूत आहे. दोन घरं बाजारात उभी राहिली तेव्हा त्याला पैसे कमी पडले होते आणि मी पाटल्या मोडून दिल्या, तेव्हाही व्रत शाबूतच होतं, उलट सोन्याचा रकाना हलका झाला. वहीत सगळं बरोबर होतं. मला मात्र वाटत राहिलं की ज्यांनी परिग्रहात जमीन-सोन्याबरोबर घरही मोजलं, त्यांना विटांची संख्या मोजायची नसावी. 'हे माझं आहे' असं म्हणताना आत राहणारं माणूस दिसेनासं होतं, त्याची त्यांना काळजी असावी. शपथपत्रावर सही केली असती तर मोडलं असतं ते सत्याचं व्रत, हे तर उघड होतं. उघड असलेली गोष्ट सोपी असते. अवघड होतं ते दुसरंच. मी सही न करता बाऊजींसारखी नुसती गप्प बसले तर कुठलंच व्रत मोडणार नव्हतं, आणि काकींच्या अंगावर एखाद्या पावसाळ्यात कौलं येणार होती.

आठवड्यानं मी एका जुन्या मिस्त्रींना घेऊन भेरूगढला गेले. चुन्याचं काम जाणणारे आता थोडे उरलेत, हे त्यांतले. त्यांनी भिंतीला हात लावला, नखानं खरवडलं, वास घेतला, डॉक्टरसारखं. खालच्या बिऱ्हाडाची भिंत कमरेपर्यंत ओली होती आणि पांढऱ्या खारानं फुगली होती. लोणा लागलेला. नव्वदच्या दशकात यजमानांनी एकदा, आमच्या तीस वर्षांतली एकमेव डागडुजी म्हणून, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता.

"बाई, भिंतीला घाम येतो आणि तुम्ही तिला रबरी कोट घातला," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचं घर दर वर्षी थोडं वर-खाली होतं. चुना त्या हालचालीला थोडा वाकतो, सिमेंट तडकतं. जमिनीतली ओल विटांतून वर चढते. चुन्याचा गिलावा असला तर ती बाहेर पडून वाळते, सिमेंट असलं तर आत कोंडते, वरवर चढते आणि शेवटी तुळईच्या टोकाला पोचते. तिथे लाकूड भिजलं की वाळवी येते. म्हणजे ज्या दुरुस्तीनं आम्ही समाधान मानलं होतं तीच रोगाचं मूळ होती.

छिपांच्या चाचींना मी म्हटलं, भिंत उकरावी लागेल. त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. "भाभी, भाडं किती करणार?" एवढंच विचारलं. पंचवीस वर्षांची आमची ओळख. त्यांच्या मुलीच्या लग्नाची ओढणी मी पसंत केलेली, माझ्या यजमानांच्या आजारपणात त्यांचा मुलगा रात्री दवाखान्यात बसलेला. पण घर दुरुस्त करते म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी आधी कधी पाहिली नव्हती. ती माझी भीती होती. पावसाला त्या कधी इतक्या घाबरल्या नसतील.

माझी भाची व्हँकुव्हरला असते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मावशी, आमच्याकडे याला शब्द आहे, रेनोव्हिक्शन. नूतनीकरणाच्या नावानं भाडेकरू बाहेर काढायचा, मग तेच घर दुप्पट भाड्यानं द्यायचं. शब्द पडला म्हणजे गोष्ट किती घडत असेल ते बघा. आपल्याकडे शब्द नाही, पण चाचींना अर्थ बरोबर माहीत होता.

आता वाळवीबद्दल. आमच्या समाजातल्या बायका हे वाचतील तेव्हा त्यांना हेच आधी विचारायचं असेल, म्हणून लिहिते. शेजारच्या एका मामीजींनी सुचवलं की भाडेकरू काढून घर तसंच पडू दे, निदान जिवांची हत्या तुझ्या हातून नको. मला हे पटलं नाही. घरसंसारात जी हिंसा टळत नाही तिला आपल्याकडे वेगळं नाव आहे, आणि ती कमीत कमी करायची एवढीच गृहस्थाकडून अपेक्षा आहे. मिस्त्रींनी औषध मारायचं म्हटलं, मी आधी नाही म्हटलं. पोखरलेल्या चार तुळया काढल्या, तशाच्या तशा नदीपलीकडच्या पडीक जागेत नेऊन टाकल्या, त्यांच्या जागी लोखंडी गर्डर बसवले. ओल थांबली की वाळवी पुन्हा येत नाही असं त्यांचं म्हणणं. पण दाराच्या चौकटींना शेवटी औषध लावावंच लागलं. वाळवी मेली नाही असं मी म्हणणार नाही. प्रतिक्रमणाला बसले की आठवते. पण तिच्यासाठी माणसांवर छप्पर पाडायला मी तयार नव्हते, आणि मामीजींना ज्या जिवांची काळजी होती त्यांत वरच्या काकी कशा धरल्या नव्हत्या, हे मला अजून कळलेलं नाही.

घर कुणी रिकामं केलं नाही. अर्धं-अर्धं काम केलं. छिपांचं बिऱ्हाड महिनाभर पुढच्या खोलीत, मग मागच्या. सिमेंट उकरून भिंती दोन महिने नुसत्या वाळायला सोडल्या. मुलगा दर शनिवारी येऊन डोक्याला हात लावायचा. रिकाम्या घरात तीन महिन्यांचं काम, इथे सात महिने लागले. चुना भिजत घालायचा, विटांची भुकटी, गूळ, बेलफळाचं पाणी, सगळं घमेल्या-घमेल्यानं. चाचींच्या घरच्यांनी मेण काढायची उकळती कढई चौकातून हलवून मागच्या उघड्या बोळात नेली, कारण ओलीचं निम्मं मूळ ती वाफ आणि ते पाणी होतं. तीस वर्षं आम्ही कधी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तिथली फरशी त्यांनी स्वतःच्या पैशानं घातली.

खर्च सहा लाख आला. आता भाडं किती?

या प्रश्नाला उत्तर कुठल्या पोथीत सापडत नाही. मुलगा म्हणाला, बाजारभाव आठ हजार. पण बाजारभाव म्हणजे काय? भेरूगढची ती खोली आठ हजारांची झाली ती माझ्या कष्टानं नव्हे. महाकाल लोक झालं, रस्ते रुंद झाले, सिंहस्थ येतोय, म्हणून झाली. त्यात माझं काही नाही, चाचींचंही नाही. मग त्या वाढीवर सगळा हक्क माझाच का? उलट माझे सहा लाख मात्र खरे होते, बँकेतून काढलेले. ते बँकेत राहिले असते तर सात टक्क्यांनी वर्षाला बेचाळीस हजार आले असते. तीन बिऱ्हाडांत वाटले तर चौदा हजार, महिन्याला साधारण अकराशे सत्तर. मी चाचींना बाराशे सांगितलं आणि हिशेबाचा कागद पुढे ठेवला. त्यांच्या मुलानं तो दोनदा वाचला. आठशेवर या म्हणाला. हजारावर ठरलं. हे न्याय्य आहे का? माझ्या मुलाच्या मते मी दर महिन्याला सात हजार दान करते. चाचींच्या मते मी भाडं तिपटीहून वाढवलं. दोन्ही आकडे बरोबर आहेत.

दुसऱ्या बिऱ्हाडाची गोष्ट वेगळी, आणि ती सांगितली नाही तर मी फार चांगली दिसेन. ते गृहस्थ चारशे रुपये भाडं द्यायचे. काम सुरू झाल्यावर कळलं की त्यांनी दोन वर्षांपूर्वीच एका नव्या कॉलनीत स्वतःचं घर बांधलं आहे. आमची जागा त्यांनी कुलूप लावून ठेवली होती, आणि श्रावणात, महाशिवरात्रीला यात्रेकरूंना एका रात्रीचे आठशे घेऊन द्यायचे. एका रात्रीत माझ्या दोन महिन्यांचं भाडं. मला इतका राग आला की दोन दिवस स्वाध्यायात लक्ष लागलं नाही. मग राग थोडा उतरल्यावर जाणवलं, हा माणूस तेच करत होता जे माझ्या मुलाला करायचं आहे. फरक एवढाच की घर त्याचं नव्हतं. तरीही मी त्यांना जागा सोडायला सांगितलं. कमी भाडं ज्याला घर नाही त्याच्यासाठी असतं. परवानगीशिवाय दुसऱ्याला जागा देणं, स्वतःचं घर झालेलं असणं, ही दोन्ही कारणं कायद्यातही आहेत, त्यासाठी विधवा व्हावं लागत नाही. नोटीस गेली, थोडी बोलाचाली झाली, त्यांनी चावी दिली.

ती खोली आता मुलाकडे आहे. तिथे पाहुणे येतात, तुळयांचे फोटो काढतात. तिच्या उत्पन्नातून माझे सहा लाख लवकर फिटतील, असा त्याचा हिशेब आहे, आणि तो हिशेब मला आवडतो हे मी लपवत नाही. पण रात्री पाहुणे चौकात मोठ्यानं बोलतात, चाचींच्या नातवंडांची झोप मोडते. गेल्या महिन्यात चाची त्याबद्दल माझ्याशी बोलल्या. आधी त्या बोलल्या नसत्या. मुलाला मी सांगितलं आहे की साडेनऊनंतर चौक बंद. किती पाळलं जातं ते बघायचं.

त्याच्या तक्त्यात तो रकाना अजून आहे. मध्यंतरी शहरात त्यानं आणखी एक घर बघितलं, आत सत्तरीचं जोडपं. मी विचारलं, त्यांचं काय? म्हणाला, "आई, दोन लाख म्हणजे थोडे नाहीत." थोडे नाहीतच. पण दोन लाखांत त्या वयात नवं दूधवाला, नवा दवाखाना, ओळखीचा जिना मिळत नाही. मी म्हटलं, या घराला माझा पैसा नाही. तो काही बोलला नाही. घर त्यानं घेतलं की नाही मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही, आणि हे न विचारणंही बाऊजींच्याच जातीचं आहे हे मला कळतं.

राहिल्या वरच्या काकी. त्यांच्या दीडशेचं काय करायचं हे मी ठरवलंच नव्हतं. शिवणाचं काम डोळ्यांमुळे निम्मं झालंय. त्याही विधवा, माझ्या आधी पंधरा वर्षं. वकिलांनी माझ्या विधवा असण्याची जी सोय सांगितली होती, तिच्यात त्यांची सोय कुठे नव्हती. मी ठरवून गेले होते की त्यांना सांगायचं, तुम्ही आहे तेच द्या.

कौलं बदलल्यानंतरचा पहिला पाऊस होऊन गेला होता. पातेली ओट्यावर पालथी घातलेली. त्यांनी पोलक्यातून पाकीट काढलं आणि दोनशेची नोट माझ्या हातात ठेवली.

"काकी, दीडशेच द्या. तुमचं ठरलेलं आहे ते."

"नाही. छप्पर नवं आहे. दोनशे." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण पावती दे."

बाऊजींनी कधी पावती दिली नव्हती. पावती म्हणजे पुरावा, उद्या कोर्टात उभी राहते. मुलानंही निघताना बजावलं होतं, दुरुस्तीनंतर कुणाला काही लिहून देऊ नकोस. काकी माझ्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या शिवणाच्या मशीनवर गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही होती. मी तिच्यातलं कोरं पान फाडलं. वर तारीख घातली, खाली त्यांचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. तीस वर्षांत ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. 'भैरवगढ येथील घराच्या वरच्या मजल्याचे भाडे, रुपये दोनशे, मिळाले.' सही केली.

काकींनी कागद उजेडात धरून वाचला, घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवला.